चहा पाजून परत पाठवलेले डबे

ईद होऊन नऊ दिवस झाले होते आणि सकाळपासून वार्सितीच्या पोटात सहा चहा गेले होते. सहाही गोड, सहाही हसतमुखाने पुढे केलेले. आणि सहाही ठिकाणांहून तिचा क्रुपुकचा डबा जसा नेला तसाच परत आला होता.

"बसा ना, बू. उन्हातून आलात," सातव्या खाणावळीची मालकीण आदराने म्हणाली आणि वार्सिती काही बोलायच्या आत तिने किटली उचलली.

"चहा राहू दे. डबा कुठे ठेवू ते सांगा."

"ठेवायचाच आहे हो! न ठेवून कसं चालेल? जरा टेबलं हलवायची आहेत, मग बघू."

त्याच टेबलावर एक लाल डबा ऐटीत बसलेला होता. जुमादीचा, दुसऱ्या क्रुपुकवाल्याचा. काचेतून त्याचे क्रुपुक दिसत होते, तळलेल्या कुरडईसारखे वेटोळे, पांढरे, थोडे जाडसर.

"मग हा?" वार्सितीने विचारलं.

"हा होय? हा आपला असाच. घ्या ना चहा, निवतोय."

वार्सितीने चहा घेतला. न घेऊन करते काय. बाहेर येऊन तिने मोटारसायकलच्या दोन्ही अंगांना बांधलेल्या टोपल्यांकडे पाहिलं. हिरवेगार डबे, त्यांवर सोनेरी अक्षरांत एकसारखं छापलेलं नाव: वेनिंग. वेनिंग म्हणजे तिची मुलगी. डब्यांवर ऊन पडून ते असे चमकत होते की डोळ्यांना टोचावेत. कुणाला तरी खडसावून चार शब्द ऐकवावेत असं तिला फार वाटलं. पण ऐकवणार काय? सातही जणी हसून बोलल्या होत्या. एकीनेही नाही म्हटलं नव्हतं.

क्लातेनहून सोलोकडे जाणाऱ्या त्या रस्त्यावर जेवणाचं ताट क्रुपुकशिवाय पुरं होत नाही. प्रत्येक खाणावळीच्या टेबलावर पत्र्याचा चौकोनी डबा असतो, एका बाजूला काच लावलेला. गिऱ्हाईक झाकण उघडून हवे तितके क्रुपुक घेतं आणि उठताना किती खाल्ले ते सांगतं. मोजायला कुणी उभं राहत नाही. डबा मात्र खाणावळीचा नसतो, क्रुपुक करणाऱ्याचा असतो. तो दर तिसऱ्या दिवशी येऊन भरून जातो, तुटकेमुटके परत नेतो, चार गोष्टी बोलतो. जोवर एकाचा डबा टेबलावर आहे तोवर खाणावळवाली दुसऱ्याचा माल घेत नाही. आणि डबा ठेवणाराही तो एकदा ठेवला की उचलत नाही. खाणावळ कायमची बंद पडली तर उचलतो, नाहीतर दोघांचं बिनसलं तर.

हे वार्सितीला माहीत नव्हतं असं थोडंच? तिचा जन्म त्यात गेला होता.

एकोणिसाव्या वर्षी ती दुसऱ्याच्या कारखान्यात लागली. सोऱ्यातून पिठाची वेटोळी पाडायची, ती वाफवायची, बांबूच्या ताटांत उन्हात मांडायची. वाफेने तळहात सोलून निघायचे. सार्जिमानशी लग्न झालं तेव्हा तो ट्रकच्या मागच्या फळ्या रंगवायचा. देखणी बाई, धबधबा, वाघ, काय हवं ते काढायचा, फक्त एकदा काढलेलं दुसऱ्यांदा तसंच कधी काढता यायचं नाही त्याला. दोघांनी स्वतःचं सुरू करायचं ठरवलं तेव्हा त्याने सात डबे रंगवले. प्रत्येकावर दोन कबुतरं. एका डब्यावरची एकमेकांकडे बघणारी, दुसऱ्यावरची पाठ फिरवून बसलेली, तिसऱ्यावरचं एक झोपाळू. पहिला डबा घेतला तो बाजाराजवळ सोतोचा रस्सा विकणाऱ्या तुमिराने. त्यावर रंग ओघळून एक कबुतर फुगलं होतं.

"हे गाभण आहे का रे?" तुमिराने सार्जिमानला विचारलं होतं.

"तुमचं सोतो खाऊन झालंय तसं, बू," तो म्हणाला होता.

सातांचे पुढे शहाऐंशी झाले. क्रुपुकला नाव असं कधी ठेवलंच नाही. लोक कबुतरवाले म्हणायचे. खाणावळवाल्या आपापली कबुतरं ओळखायच्या. "आमची भांडलेली", "आमची म्हातारी" असं त्यांचं चालायचं. मेरापी डोंगराने राख ओकली त्या वर्षी अंगणातला सगळा माल करडा पडला आणि अकरा दिवस वार्सिती कुठेच फिरकू शकली नाही. तुमिराने ते अकरा दिवस रिकामा डबा टेबलावर ठेवला होता. दुसऱ्याचा माल घेतला नाही.

सार्जिमान जाऊन सहा वर्षं झाली. रंगवलेले डबे होते, त्यांवर धंदा चालत राहिला.

मग वेनिंग परत आली. पाच वर्षं ती बाताम बेटावर एका कारखान्यात मोबाइलचे सुटे भाग जोडायची. कारखाना बंद पडला, पोरगी एक बॅग घेऊन घरी आली आणि दुसऱ्या दिवशी न सांगता सोऱ्यापाशी बसली. वार्सितीने तिचे वाफेने लाल झालेले तळहात पाहिले. तिसाव्या वर्षी लेकीचे हात आपल्यासारखे व्हायचे? आपल्यामागे हिच्या हाती काय येणार? सोऱ्या, बांबूची ताटं आणि ज्याला धड नावही नाही असा धंदा.

त्याच सुमाराला तालुक्याच्या सभागृहात छोट्या धंदेवाल्यांसाठी एक शिबिर झालं. वार्सिती गेली. चकचकीत बूट घातलेल्या मार्गदर्शकाने तिला उभं केलं.

"तुमच्या मालाचं नाव काय, बू?"

"नाव? क्रुपुक."

सभागृह हसलं. त्याने डब्यांचे फोटो मागितले. तिने मोबाइल पुढे केला. तो बराच वेळ बोट सरकवत राहिला आणि म्हणाला, "डबे शहाऐंशी आणि चेहरेही शहाऐंशी! गिऱ्हाईकाने तुम्हाला ओळखायचं कसं?" पुढे तो बरंच बोलला. एक नाव, एक रंग, एक चिन्ह, मग पाकिटं, मग मोठी दुकानं. त्याचं बोलणं खोटं नव्हतं. फक्त तो डबा कुणाच्या टेबलावर बसतो हे त्याने विचारलं नाही, आणि हसं झाल्याच्या लाजेने कान लाल झालेल्या वार्सितीनेही ते सांगितलं नाही.

घरी येताना तिने मनाशी पक्कं केलं होतं. रंग हिरवा आणि नाव वेनिंगचं.

"इबू, मला विचारशील तरी," वेनिंग आईला म्हणाली. "आणि कबुतरं?"

"कबुतरांनी पोट भरतं का? उद्या तू पाकिटं विकशील. हातात सोऱ्या नको, फोन हवा तुझ्या."

"निदान ईद होऊ दे."

"रोज्यात दिवसा खाणावळी बंद. डबे नुसते पडलेत. हीच वेळ आहे, पोरी."

"मग खाणावळवाल्यांना सांगून घे."

"सांगायचं काय त्यात? डबे आपले आहेत!"

पाच दिवसांत तिने सगळे डबे गोळा केले. रंगवाल्याचं दुकान ईदसाठी बंद होणार होतं, म्हणून धावपळ. कुठे पडवीतून उचलला, कुठे शेजारणीने काढून दिला. तुमिरा आत निजली होती. डबा तिच्या सुनेने आणून दिला. "सासूबाईंना सांग, घेऊन चाललेय," एवढं बोलून वार्सितीने गाडीला किक मारली.

दरवर्षी ईदच्या तीन दिवस आधी ती प्रत्येक खाणावळीत एक गाठोडं पोचवायची. ताडगूळ, चहा, सरबताची बाटली. या वर्षी त्याचे सगळे पैसे रंगवाल्याकडे गेले. नव्या डब्याबरोबर देऊ, दुप्पट देऊ, असं तिने ठरवलं. ईदच्या रीतीप्रमाणे माफी मागायला दारोदार जायचं तेही डब्यांसोबतच उरकू, एका फेरीत दोन कामं.

रंगवाल्याने घासकागद लावून कबुतरं खरवडून काढली. वार्सिती त्या वेळी तिथे थांबली नाही.

आणि आता हे. ईदच्या आदल्या दिवशी जुमादी आपले लाल डबे आणि गाठोडी घेऊन घरोघर फिरला होता. त्याला उघडी टेबलं दिसली, त्याने विचारलं, त्यांनी हो म्हटलं. त्याच्यावर तरी चिडायचं कसं?

पंधराव्या दिवसापर्यंत शहाऐंशीपैकी अकरा डबे टेबलांवर गेले. तेही नव्या खाणावळींत, जिथे तिला आधी कुणी ओळखत नव्हतं. सोऱ्यावर बसणाऱ्या दोघी बायकांना तिने "चार दिवस येऊ नका" म्हणून सांगितलं. तळलेला माल पिशव्यांत मऊ पडत चालला. आणि त्यातच बातामहून फोन आला. दुसरा कारखाना निघाला होता, वेनिंगला बोलावत होते. ईदपासून लागलेला शव्वालचा महिना संपायच्या आत तिने कळवायचं होतं.

"जाणार तू?" वार्सितीने विचारलं.

"इथे बसून काय करू? माझ्या नावाचे डबे पुसत बसू?"

वार्सितीचा बांध फुटला. "एकीने तरी तोंडावर सांगावं ना! म्हणावं, तुझा माल वाईट, तुझं तोंड वाईट! शिवी हासडावी! नुसते चहा पाजतात! बघू म्हणतात! काय बघतात? गेले पंधरा दिवस काय बघतायत या बायका?"

"तू कधी कुणाला तोंडावर सांगितलंयस?"

"म्हणजे?"

"पिठाच्या व्यापाऱ्याने ओलं पीठ पाठवलं तेव्हा तू काय केलंस? चहा पाजलास, बघू म्हणालीस, आणि दुसरा व्यापारी धरलास. तो बिचारा दोन वर्षं विचारत होता, बू, काय चुकलं माझं."

वार्सितीला त्या व्यापाऱ्याचं नावही आठवेना, आणि त्याचाच तिला जास्त राग आला.

"तुमिराबाईंकडे जा," वेनिंग म्हणाली. "डबा न नेता."

"डबा न नेता जाऊन सांगू काय?"

"माफी माग. माफीचा महिना अजून आहे."

"माफी कसली? माझेच डबे मीच उचलले! चोरी केली का?"

असे तीन दिवस गेले. भांडी आदळत, ताटं उन्हात मांडत आणि संध्याकाळी कारण नसताना पुन्हा झाडत. रस्त्यावरच्या सगळ्या खाणावळवाल्या एकमेकींच्या नात्यातल्या नाहीतर ओळखीच्या, आणि सगळ्यांत जुनी तुमिरा. तिच्या टेबलावर काय आहे ते बाकीच्या बघतात, हे वार्सितीला कळत होतं. म्हणूनच तिने तुमिराला शेवटी ठेवलं होतं. तिनेही चहा पुढे केला असता तर मग जायला दुसरी जागा उरली नसती.

चौथ्या दिवशी सकाळी वेनिंग बॅगेतले कपडे उन्हात घालताना दिसली. वार्सितीने डोक्यावरचा रुमाल बदलला आणि चालत निघाली. गाडी घेतली नाही, टोपल्याही नाहीत.

तुमिरा तेंपेच्या, आंबवलेल्या सोयाबीनच्या, वड्या तळत होती. सत्तरी ओलांडली तरी कढईपाशी दुसऱ्या कुणाला उभं राहू द्यायची नाही. तिने वर पाहिलं आणि पुन्हा कढईत पाहिलं.

"आलीस? मला वाटलं मेलीस."

"बू..."

"उजेडातून बाजूला हो. तेल दिसत नाही मला."

वार्सिती बाजूला झाली. तेंपेचा एक घाणा उतरला, दुसरा पडला. तुमिराने तिला बस म्हटलं नाही. चहाही विचारला नाही. आणि त्या न विचारलेल्या चहाने वार्सितीला अठरा दिवसांत पहिल्यांदा जरा धीर आला.

तिने वाकून तुमिराचा हात धरला आणि कपाळाला लावला. "कळत-नकळत चुकले असेन तर माफ करा, बू."

"तेलकट आहे हात. काय चुकलीस?"

"डबे उचलले."

"आणि?"

"न सांगता उचलले."

"आणि?"

"ईदचं गाठोडं दिलं नाही..."

"खड्ड्यात गेलं तुझं गाठोडं!" झारा कढईच्या कडेवर आपटला. टेबलावरच्या दोन गिऱ्हाइकांनी माना खाली घातल्या. "मला साखरेचं दुखणं, तुझा गूळ दरवर्षी शेजारी खातात. अकरा दिवस, सिती! राख पडली तेव्हा अकरा दिवस रिकामा डबा ठेवला मी इथे. लोक विचारायचे, सोतोबरोबर चावू काय, तुझं डोकं? मी म्हणायचे, वार्सिती येईल. आणि तू माझ्या सुनेच्या हातातून डबा घेऊन गेलीस. शेजारणीला दिलेली चाळणी परत न्यावी तशी. ईद तोंडावर आलेली असताना! मी उठल्यावर टेबलाकडे बघितलं आणि सुनेला विचारलं, काय गं, माझं काही बोलणं लागलं का तिला? रात्रभर तेच आठवत पडले."

"नवीन करून आणणार होते, बू. नाव घालून. पोरीसाठी."

"मग सांगायचं होतंस! मीच सगळ्यांना सांगितलं असतं, वार्सितीचे डबे न्हायला गेलेत, येतील. हसलो असतो सगळ्या आणि वाट बघितली असती." ती थांबली. "कबुतरं ठेवलीस का?"

वार्सितीने नकारार्थी मान हलवली.

"एकही?"

"एकही नाही."

तुमिराने घाणा उतरवला. तिने शिवी हासडली असती तर बरं झालं असतं, असं वार्सितीला वाटलं.

"मग आता," वार्सिती चाचरत म्हणाली, "हा जुमादीचा डबा..."

"त्याचं काय?"

"आता मी आलेच आहे, तर..."

"तर काय? काढून टाकू?" तुमिराने झारा रोखला. "त्याने काय वाकडं केलंय माझं? टेबल उघडं बघितलं, विचारलं, मी हो म्हटलं. ईदला येऊन वाकून गेला. त्याला न सांगता उठवू? तुझ्यासारखं?"

वार्सितीच्या जिभेवर बरंच काही आलं. पंचवीस वर्षं, पहिला डबा, सार्जिमान. पण ज्या हट्टाने या बाईने अकरा दिवस तिची जागा राखली होती त्याच हट्टाने ती आता जुमादीची राखत होती. यावर भांडायचं तरी कुठल्या तोंडाने? रागाने डोळे भरले आणि तो राग ठेवायला कुठे जागा सापडेना.

"रडू नको, सोतोत मीठ पुरेसं आहे," तुमिरा म्हणाली. "टेबल लांब आहे. त्याच्या शेजारी ठेव तुझा. कुणाचा खायचा ते गिऱ्हाईक बघेल. मी त्याला सांगते आज, मग ठेव. आणि डब्यावर नाव कुणाचं टाकलंयस म्हणालीस?"

"वेनिंगचं."

"ती आहे कुठे? परत आल्यापासून मी तिचं तोंड बघितलेलं नाही. नाव टेबलावर आणि बाई घरात? सार्जिमानची कबुतरं आम्ही ओळखायचो ती तो इथे बसून सोतो खायचा म्हणून. तिला पाठव. दर तिसऱ्या दिवशी तीच येऊ दे. तू येऊ नको."

"ती बातामला जायचं म्हणतेय."

"मग बातामला ने तुझे डबे."

तुमिरा आत गेली आणि एक गंजका डबा घेऊन आली. त्यातले धणे तिने परातीत ओतले. बुडाला भोक पडलं म्हणून सार्जिमानने फार वर्षांपूर्वी तिला तो बदलून दिला होता. हा जुना, पहिला डबा तिने धण्यांना ठेवला होता. काच फुटलेली, रंग उडालेला, पण फुगलेलं कबुतर तसंच होतं.

"हे घेऊन जा. पोरीला दाखव. आणि परत आणून दे, धणे उघडे पडलेत."

घरी वार्सितीने सगळं सांगितलं, तुमिराच्या शिव्यांसकट. वेनिंगने डबा उन्हात धरला आणि त्या जाड्या कबुतरावरून अंगठा फिरवला. जाते म्हणाली नाही, राहते असंही म्हणाली नाही. बॅग उघडीच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती टोपल्या बांधून निघाली. वार्सितीला घरात बसवेना. तिने ताटं उन्हात मांडली, सावली आली म्हणून हलवली, पुन्हा होती तिथे आणली. पोरगी उतावळी आहे, काहीतरी टाकून बोलेल. किंवा बोलणारच नाही, आणि बायका म्हणतील शिष्ट आहे. आपण बरोबर जायला हवं होतं. तू येऊ नको, असं ती म्हातारी कोणत्या हक्काने म्हणते? दुपारच्या नमाजाची वेळ टळून गेली तेव्हा गाडीचा आवाज आला. टोपल्या दुरूनच भरलेल्या दिसत होत्या.

"किती?" वार्सितीने फाटकातच विचारलं.

"पाच. तुमिराबाईंचा धरून."

"पाचच?"

"बाकीच्यांनी चहा पाजला." वेनिंगने हेल्मेट काढलं. तिचा चेहरा उन्हाने आणि वैतागाने लाल झाला होता. "बारा चहा, इबू! माझं डोकं उठलंय. त्यातल्या एकीला मी सरळ विचारलं, आईवर रागावलात का? तर ती घाबरून आतच गेली."

"असं विचारतात का कुणी!"

"मग कसं विचारतात? तूच सांग, तुलाही येत नाही."

वार्सितीने टोपलीतले डबे उतरवायला हात घातला. पाच! या वेगाने तर पुढचा रोज्यांचा महिना येईल. तिने एक डबा जमिनीवर जरा जोरानेच ठेवला. मग तिच्या लक्षात आलं की तिला विचारायचं होतं ते राहूनच गेलं.

"तुमिराने तुला चहा दिला?"

"छे! पाच मिनिटं उभी राहिले तर म्हणाली, हात रिकामे दिसतायत. वाडगी घासायला बसवलं. वीस-पंचवीस तरी घासली मी. आणि जुमादीकाका आले होते, त्यांच्यासमोर म्हणाली, ही कबुतरवाल्यांची." वेनिंगने तळहात पुढे केले. साबणाने सुरकुतलेले होते. "परवा लवकर ये म्हणालीय, गर्दी असते."

वार्सिती ते हात बघत राहिली. हेच हात तिला वाचवायचे होते.

"मग बातामवाल्यांना काय कळवायचं?" तिने विचारलं.

"परवा वाडगी कोण घासणार?" वेनिंग चिडून म्हणाली, आणि बादली घेऊन नळाकडे गेली.